गिरणीधंद्याच्या मराठी वर्णनातील कर्त्याचा लोप

मुंबईच्या कापडगिरण्यांविषयी मराठीत जे विपुल लेखन झाले आहे, त्यात एक वाक्य थोड्याफार फरकाने इतक्या वेळा आढळते की ते आता कोणा एका लेखकाचे राहिलेले नाही. ‘बदलत्या बाजारपेठेशी व नव्या तंत्राशी जुळवून घेता न आल्यामुळे गिरण्या बंद पडल्या’ हे ते वाक्य होय. वृत्तपत्रीय लेख, स्मरणिका, पाठ्यपुस्तके, फार काय, पदव्युत्तर वर्गातील निबंध, ह्या सर्वांत ते निर्वेधपणे वावरते. अर्थशास्त्रीय सिद्धान्त म्हणून त्याची परीक्षा करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाचा नव्हे. त्या वाक्याचे व्याकरण काय सांगते आणि काय झाकते, एवढेच येथे पाहावयाचे आहे. मात्र व्याकरण नीट पाहू गेल्यास इतिहासाकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही, असे दिसून येईल.

पडणे-पाडणे, बुडणे-बुडवणे, तुटणे-तोडणे, घडणे-घडवणे अशा अकर्मक-सकर्मक धातूंच्या जोड्या मराठीत मुबलक आहेत. त्यामुळे एखादी घटना सांगताना मराठी लेखकास प्रत्येक वेळी निवड करावी लागते. गिरणी ‘बंद पडली’, ‘बंद झाली’, ‘बंद केली’, ‘बंद पाडली’ ह्या चार प्रयोगांत चार निरनिराळ्या हकीकती आहेत. घड्याळ बंद पडते, पंप बंद पडतो. तेथे कोणाचा हेतू अभिप्रेत नसतो. गिरणीस तोच प्रयोग लावला म्हणजे तिचा शेवट हा यंत्रातील बिघाडासारखा आपोआप घडलेला प्रकार ठरतो. लक्षणीय गोष्ट अशी की, ह्याच लेखनात संपाचा उल्लेख आला की क्रियापद तत्काळ सकर्मक होते: ‘संपाने गिरण्या बंद पाडल्या.’ कामगाराने केलेल्या कृतीस कर्ता लाभतो. इतरांनी घेतलेल्या निर्णयांस तो लाभत नाही. ही असमानता शैलीची म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

अकर्मक प्रयोग सर्वत्र खोटाच असतो, असे मात्र समजू नये. 1854 साली कावसजी नानाभाई दावर यांनी स्थापिलेली गिरणी ताडदेव येथे 1856 साली चालू झाली. पुढे कित्येक वर्षे मुंबईच्या धंद्याचा एक मोठा आधार चीनला जाणारे जाडेभरडे सूत हा होता. 1893 साली हिंदुस्थानातील टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीस बंद झाल्या व रुपयाचा चिनी चलनाशी असलेला भाव बदलला. तशात जपानच्या व खुद्द चीनमधील गिरण्यांच्या सुताने तेथे पाय रोवले. ‘चीनचा बाजार गेला’ असे म्हणणे येथे यथार्थ आहे, कारण तो घालविणे वा राखणे सर्वस्वी मुंबईकर मालकांच्या हाती नव्हते. पण त्यानंतर मुंबईच्या गिरण्यांनी माग वाढविले, सूत विकण्याऐवजी देशातील बाजारासाठी कापड विणण्याकडे त्या वळल्या. म्हणजे जुळवून घेणे घडले होते, आणि चांगले घडले होते. तंत्राच्या बाबतीतही तसेच. जमशेटजी टाटांनी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये रिंग-चाती आणल्या त्या 1880 च्या दशकात, जेव्हा लँकाशायर अद्याप म्यूलवरच विसंबून होते.

येथे एका शब्दाविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. गिरणीतील सूतकताईच्या खात्यास कामगार ‘त्रासन’ म्हणत. मूळ शब्द थ्रॉसल; ते रिंगपूर्वीचे एक कताईयंत्र. यंत्र गेले, त्याच्या जागी रिंग आली, पण खात्याचे नाव जुन्याच यंत्राचे राहिले, आणि मराठी कानास त्यात ‘त्रास’ ऐकू येऊ लागला. ‘साचा’ हा शब्द विणकराच्या मागास लागला, त्यावरून ‘साचेवाला’ झाला. ‘खाडा’, ‘पाळी’, ‘बदली’ हे शब्द तर गिरणीबाहेरच्या मराठीतही रुळलेलेच आहेत. सांगावयाचे ते असे की, तंत्र बदलते तेव्हा ते आत्मसात करण्याचे भाषिक काम कामगारांनी बिनबोभाट केले होते. नव्याविषयी कामगारास जात्याच वावडे होते, ह्या समजुतीस त्यांच्या बोलीत तरी आधार सापडत नाही.

1920 च्या दशकात जपानची स्पर्धा देशी बाजारातच येऊन ठेपली. त्याच दशकात जपानमध्ये टोयोडाचा स्वयंचलित माग सिद्ध झाला, आणि 1929 साली लँकाशायरच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क विकत घेतले. मुंबईत ह्या स्पर्धेस जे उत्तर शोधण्यात आले त्याचा मुख्य भर यंत्रांपेक्षा मजुरीच्या खर्चावर होता: काही गिरण्यांत विणकराकडे दोनांऐवजी तीन माग, कातणाऱ्याकडे एका बाजूऐवजी दोन. ह्या योजनांस ‘कार्यक्षमता’, ‘सुसूत्रीकरण’ अशी भारदस्त नावे मिळाली. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेला 1928 चा सार्वत्रिक संप मुख्यतः ह्याच प्रश्नावर झाला. त्यास ‘नव्या तंत्राला विरोध’ म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. पुष्कळ ठिकाणी माग तेच होते. माणसे मात्र कमी व्हावयाची होती.

तांत्रिक ज्ञानाची वाण होती म्हणावे, तर तेही खरे नाही. अँटॉप हिलच्या टेकडीपासून माटुंग्यापर्यंतचे अंतर ते काय! पण त्या माटुंग्यात 1923 साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट भायखळ्याहून आली, 1924 साली कापसाच्या परीक्षणाची मध्यवर्ती प्रयोगशाळा निघाली, आणि मुंबई विद्यापीठाने 1933 साली स्थापिलेला रासायनिक तंत्रविद्येचा विभागही पुढे तेथेच गेला. त्यात रंगाई व वस्त्ररसायन यांचे शिक्षण होते. ज्ञान हाकेच्या अंतरावर उपलब्ध असता त्याचा कितपत व कशासाठी उपयोग करावयाचा, हे कोणीतरी ठरवीत होते. ‘तंत्र मागे राहिले’ ह्या वाक्यात तो ‘कोणीतरी’ नाहीसा होतो.

स्वातंत्र्यानंतर कर्त्यांची संख्या वाढली, एवढे मान्य केले पाहिजे. हातमागाच्या रक्षणासाठी 1950 च्या दशकात गिरण्यांच्या मागसंख्येवर सरकारने निर्बंध घातले. हातमागास त्याचा लाभ थोडा, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागास अधिक झाला. येथे दोष केवळ मालकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु सरकारही ह्या गद्यात कर्ता म्हणून क्वचितच उभे राहते; ‘धोरण आले’, ‘निर्बंध लागले’, एवढेच आपण वाचतो. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, त्या काळात अनेक गिरण्यांनी यंत्रमागावर कापड विणून घेऊन त्यावर आपला छाप मारला. बाजाराशी जुळवून घेण्याची ही कृती नव्हे तर काय?

ह्या सर्व विवेचनाचे मर्म एका लक्षणेत आहे. ‘गिरणी’ हा शब्द आपण इमारत, यंत्रे, तेथे राबणारी माणसे आणि त्यांवर मालकी असलेली कंपनी, ह्या चारही अर्थांनी वापरतो. एरवी ह्यात काही बिघडत नाही. पण ‘गिरण्यांना जुळवून घेता आले नाही’ असे म्हणताच हे अर्थ एकमेकांत मिसळून घोटाळा होतो. अँटॉप हिलहून नायगावकडे जाताना लागणाऱ्या स्प्रिंग मिलचे उदाहरण घ्यावे. ती बॉम्बे डाइंगची. ह्या कंपनीने 1980 च्या दशकात पाताळगंगा येथे पॉलिएस्टरला लागणाऱ्या डीएमटी ह्या रसायनाचे उत्पादन सुरू केले. पुढे गिरणीच्या जमिनीवर उंच निवासी मनोरे उभे राहिले. कृत्रिम धाग्याचा काळ आला तेव्हा कंपनी त्या धाग्याच्या कच्च्या मालाकडे गेली. जमिनीस सोन्याचा भाव आला तेव्हा ती जमिनीकडे गेली. धोरण म्हणून ह्यात न समजण्यासारखे काही नाही, बेकायदाही काही नाही. कंपनीने दोनदा जुळवून घेतले. ज्यांचे काम गेले त्यांना मात्र आपण ‘जुळवून घेता न आलेल्या’ गिरणीत जमा करतो.

‘आजारी गिरणी’ ह्या शब्दप्रयोगाचा हाच दोष आहे. 1985 च्या आजारी उद्योगविषयक कायद्याने त्यास अधिकृत मान्यता दिली. आजार होतो, कोणी करीत नाही. आणि रोग्याची मालमत्ता विकून त्याच्यावर उपचार करावेत, हे ओघानेच येते. विकास नियंत्रण नियमावलीतील 1991 चा नियम 58 हे त्याचेच पुढचे पाऊल. गिरणीची जमीन विकसित करताना तिचा एक भाग महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी व एक मालकासाठी, अशी ढोबळमानाने तिहेरी वाटणी त्यात होती. 2001 साली नियम बदलला, आणि वाटणी केवळ ‘मोकळ्या’ जमिनीपुरती उरली; इमारती पाडल्यानंतर रिकामी होणारी जमीन तीत धरावयाची नाही, असे ठरले. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली ह्या अर्थास नकार दिला, सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली तो ग्राह्य धरला. एका विशेषणाच्या अर्थव्याप्तीवर शहरातील कित्येक एकर जमीन ह्या हातातून त्या हातात गेल्याचे दुसरे उदाहरण अर्थविचाराच्या अभ्यासकास सहसा मिळणार नाही.

ललित वाङ्मयाकडून ह्या बाबतीत अधिक अपेक्षा करावी काय? मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ ह्या कादंबरीच्या नावात यंत्राचा एक भाग कर्ता झाला आहे, आणि आज बिनधोट्याच्या मागांच्या काळात ते नावच इतिहासजमा झाल्यासारखे वाटते. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (1997) ह्या नाटकात संपानंतरचे एक गिरणीकामगार कुटुंब लालबागच्या खोलीत कोंडलेले आहे. शीर्षक क्रियाविशेषणवत्, कर्ता नाहीच. पण येथे तो दोष नसून नाटकाचा अर्थ आहे: निर्णय जेथे होतात ती जागा त्या खोलीतून दिसत नाही, हेच त्या कुटुंबाचे दुर्दैव. खोलीत बसलेल्या पात्रास जे शोभते ते ग्रंथालयात बसलेल्या अभ्यासकास शोभत नाही. आपल्या गिरणीविषयक समीक्षेने चाळ, भजनीमंडळ, कलापथक, बोली यांचा मनोभावे शोध घेतला. कंपन्यांचे ताळेबंद व सरकारी अधिसूचना मात्र वाङ्मयबाह्य म्हणून बाजूस ठेवल्या. त्यामुळे तिच्या हाती हळहळ पुष्कळ लागली, हकीकत थोडी.

गिरणीकामगारांच्या घरांसाठी अर्ज करणाऱ्यांची संख्या दीड लाखाच्या वर गेली. ह्या जमिनींवरील घरांची एक मोठी सोडत 2012 साली निघाली. सोडतीत घर ‘लागते’. दिवा लागतो, नंबर लागतो, वेड लागते, तसेच घर लागते. ज्याला लागले तो चतुर्थीत, ज्याने द्यावयाचे होते तो वाक्यात नाही.