भोळेपणाची कसोटी

आयझॅक बाशेविस सिंगर यांची ‘गिम्पेल द फूल’ ही यिडिश कथा १९४५ साली प्रसिद्ध झाली. १९५३ मध्ये सॉल बेलो यांनी ती इंग्रजीत आणली. फ्राम्पोल गावातील पाव भाजणाऱ्या या अनाथाची सारा गाव टर उडवितो व बदलौकिकाच्या एल्काशी त्याचे लग्न लावून देतो. वीस वर्षांच्या संसारानंतर मृत्युशय्येवर ती सांगते की, मुलांपैकी एकही त्याचे नव्हे. त्याला मूर्ख ठरविणे सोपे आहे. परंतु शेजेवरील परपुरुष त्याने स्वतः पाहिला होता. मुलांची माया मात्र त्याला तोडवली नाही.

खरी कसोटी पुढे लागते. सैतानाच्या चिथावणीने तो गावाच्या पावाचे पीठ विटाळतो. स्वप्नात एल्का दिसताच सावध होऊन ते पाव जमिनीत पुरतो. त्याच्या क्षमेने एल्काचे असत्य पोसले गेले, हा आक्षेप खराच. तरीही फसविले जाणे पत्करून कोणास न फसविण्याचा हा निश्चय विचारपूर्वक केलेला आहे, आणि म्हणूनच तो शहाण्याचा आहे. संशय घेणे हेच ज्यांचे अधिकृत काम, त्या आमच्या वाचकांनी ही कथा अवश्य वाचावी.