घोडा आणि घेवडा

भारतातून पाहुणे आले की शिकागो दाखवण्याचा आपला कार्यक्रम ठरलेला: विलिस टॉवर (आपल्या तोंडी अजून सिअर्सच), लेकचा किनारा आणि मिलेनियम पार्कमधला ‘बीन’. “करणारा आपला मुंबईचा बरं का!” हेही सांगून होते. अनिश कपूर १९५४ साली मुंबईत जन्मले हे खरे. कारकीर्द मात्र लंडनची. असो, अभिमानाला एवढा धागा पुरतो.

शिल्पाचे खरे नाव ‘क्लाउड गेट’. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे जोडून सांधे घासून दिसेनासे केलेले हे शंभरेक टनांचे धूड २००४ मध्ये अपुऱ्या अवस्थेतच लोकांपुढे आले आणि २००६ मध्ये पूर्ण झाले. लोकांनी त्याचा घेवड्याचा दाणा करून टाकला, हे कपूरना सुरुवातीला मुळीच रुचले नाही. माझ्या मते लोकांचे चुकले नाही. आपल्या काळ्या घोड्याचेच पाहा. पुतळा प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा. पण मुंबईकरांनी राजपुत्राला वगळून चौकाला नाव दिले ते घोड्याचे. १९६५ मध्ये पुतळा राणीच्या बागेत गेला, नाव जागीच राहिले. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, तो स्वाराविनाच! साम्राज्याच्या कलेवर याहून नेमकी टीका कोणा समीक्षकाने केली असेल असे वाटत नाही.

बीनवर हक्क सांगणे एवढे सोपे गेले नाही. सव्वादोन कोटी डॉलर्सच्या वर गेलेला खर्च खासगी देणग्यांतून झाला, आणि २००५ च्या सुमारास व्यावसायिक छायाचित्रकारांना तिथे परवाना विचारला जात होता. बाग सार्वजनिक, प्रतिबिंबावर मात्र पहारा! पुढे गर्दीनेच तो प्रश्न निकालात काढला.

पण माझी तक्रार त्या गर्दीबद्दलच आहे. बाहेरची बाजू आपली खुशामत करते. आकाश, उंच इमारती आणि मध्ये आपण. फोटो काढला की काम झाले. खरे शिल्प कमानीखाली आहे. तिथे मान वर केली की आत खोल गेलेल्या नाभीत आपण ताणले जातो, एकाचे अनेक होतो, आणि स्वतःला शोधता शोधता हरवतो. पाहुणे तिथून बोलत बोलत निघून जातात.

डेली प्लाझातला पिकासो अशी खुशामत करत नाही. १९६७ पासून उभ्या असलेल्या या पन्नास फुटी शिल्पाला नावच नाही, आणि पिकासोने त्याचे मानधनही घेतले नाही. बाई, माकड की कुत्रा, हा वाद अजून मिटलेला नाही. मुले मात्र त्याच्या उतरत्या पायथ्यावरून खुशाल घसरगुंडी खेळतात. बीनपेक्षा मला हे काम मोठे वाटते. तिथे स्वतःला पाहायची सोय नसल्यामुळे समोरच्या वस्तूकडे पाहावे लागते.

ग्रँट पार्कच्या दक्षिण टोकाला, रूझवेल्ट रोडजवळ, मॅग्डालेना अबाकानोविच या पोलिश शिल्पकर्तीचे ‘अगोरा’ २००६ पासून आहे. नऊ फूट उंचीच्या, डोके नसलेल्या, पाठीमागून पोकळ अशा १०६ लोखंडी आकृती. त्यांच्यामधून चालता येते. संध्याकाळी तर अंगावर काटाच येतो. यंदा पाहुण्यांना तिथेही न्या; पार्किंगची खटपट करावी लागेल, पण बीनपेक्षा गर्दी कमी असते.