हानी, वार्धक्य आणि ‘मी’चा विस्तार

दुःखाने माणूस मोठा होतो, हे विधान आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की त्याची परीक्षा करण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः दुःखाने माणूस आकसतो, कडवट होतो, स्वतःच्या जखमेचा पुजारी होतो, हेही तितकेच खरे आहे. तेव्हा हानी किती मोठी होती यापेक्षा, हानीनंतर ‘मी’चे काय झाले, हा प्रश्न समीक्षकाने विचारला पाहिजे. हिंदी व्यंग्यकार हरिशंकर परसाई (१९२४–१९९५) यांचे आत्मपर लेखन या दृष्टीने मराठी वाचकानेही अभ्यासावे अशा योग्यतेचे आहे.

ओमती ही जबलपूरची मध्यवस्ती. तिच्या शेजारच्या नेपियर टाउनमध्ये परसाईंचे दीर्घकाळ वास्तव्य होते. शासकीय शाळेतील नोकरी त्यांनी १९५२ साली सोडली, काही वर्षे खासगी शाळांत शिकवले आणि १९५७ पासून केवळ लेखणीवर निर्वाह केला. अविवाहित राहून त्यांनी विधवा बहिणीच्या कुटुंबाचा भार वाहिला. या आयुष्याचे मूळ ‘गर्दिश के दिन’ या निबंधात सापडते. १९३६-३७ च्या सुमारास प्लेगची साथ आली. गाव ओस पडले. आई आजारी असल्यामुळे हे कुटुंब मात्र मागे राहिले. आई गेली, वडील खचले आणि पाच भावंडांतील थोरला असलेला हा मुलगा अकाली प्रौढ झाला. येथवरची कथा करुण आहे, परंतु असामान्य नाही. असामान्य आहे ते त्यानंतरचे वळण. दुःखी आपण एकटेच नाही, अन्याय सोसणारे असंख्य आहेत आणि आपण त्यांच्यापैकी एक आहोत, ही जाणीव होताच व्यक्तिगत दुःखाला कुरवाळत बसणे परसाईंना अशक्य झाले. स्वतःला विस्तारणे हाच त्यांनी स्वतःच्या बचावाचा मार्ग मानला. त्यांच्या व्यंग्यामागील करुणेचा उगम येथे आहे.

तारुण्यातील ही कमाई वार्धक्यात टिकते काय? ‘विकलांग श्रद्धा का दौर’ (१९८०) हा संग्रह या प्रश्नाचे उत्तर देतो. १९८२ साली याच संग्रहाला साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभला. शीर्षकनिबंधात लेखकाचा पाय मोडलेला आहे आणि लोक येऊन त्याच्या चरणांना स्पर्श करीत आहेत. ही श्रद्धा आपल्या मोडक्या पायातूनच उपजली की काय, अशी शंका तो घेतो आणि मग देशातील श्रद्धेचाच पाय मोडला असल्याचे निदान करतो. विनोदाच्या आड दडलेला विचार मात्र गंभीर आहे. श्रद्धेय होणे म्हणजे व्यक्ती म्हणून नाहीसे होणे. कारण माणसाची ओळख तो कशाला विरोध करतो यावरून पटते आणि श्रद्धेयाने तर सारे मुकाट्याने होऊ द्यावयाचे असते. शरीराची हानी वार्धक्य करतेच. समाज आदराच्या नावाखाली दुसरी हानी करतो. परसाई पहिली सोसतात, दुसरी नाकारतात. वाढत्या वयात शांत होत जाणे म्हणजेच परिपक्वता, हा आपला लाडका समज येथे ढासळतो.

मराठीत या अनुभवाशेजारी ठेवण्याजोगा ग्रंथ लक्ष्मीबाई टिळकांचा ‘स्मृतिचित्रे’ हा होय. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पती जिवंत असताना त्यांच्या वाट्याला वियोग आला. त्यातून सावरताना त्यांचे सोवळे हळूहळू सुटले. ‘मी’ची कुंपणे पडली. १९१९ साली टिळक वारल्यावर त्यांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी उतारवयात हाती घेतले आणि त्याचा बराच मोठा भाग स्वतः रचला. वैधव्यात त्या केवळ स्मृती जपणाऱ्या राहिल्या नाहीत, कर्त्या झाल्या.

दोघांच्या विनोदात एक महत्त्वाचा भेद आहे. लक्ष्मीबाई प्रसंगात थांबतात. स्वतःची फजिती, भाबडेपणा, राग हे सारे त्या डोळ्यांसमोर उभे करतात आणि दुःखाला त्याचा पुरता वेळ देतात. परसाई दुःखापाशी क्षणभर थांबून समाजाकडे वळतात. आईच्या मृत्यूची रात्र त्यांनी मोजक्या रेषांत जिवंत केली आहे. पण त्या मुलाच्या अंतर्यामी पुढे काय घडले, हे पाहण्याची आपली इच्छा अपुरी राहते. विस्ताराची ही किंमत आहे आणि ती मान्य केली पाहिजे. व्यंग्य हे शस्त्र असते तसेच चिलखतही असते.

असे असूनही परसाईंचे महत्त्व उणावत नाही. हानीतून आलेल्या वाढीची खूण त्यांनी दिलाशात शोधली नाही. खाटेवर पडलेल्या माणसालाही ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार उरतो आणि तो त्याने स्वतःवर उधळलेल्या फुलांविरुद्धही बजावावा, एवढे त्यांनी दाखवून दिले. वृद्ध साहित्यिकांचे सत्कार करण्यात तत्पर आणि त्यांचे नवे लेखन वाचण्यात उदासीन अशा आपल्या साहित्यव्यवहाराला हा निबंध आजही अडचणीचा वाटावा, यातच त्याचे सामर्थ्य आहे.