बंबखान्याची वास्तु : मूळ पाठ आणि प्रक्षेप

जुनी पोथी हातीं आली कीं संशोधकाची दृष्टि पुठ्ठ्यावर न थांबतां पानांकडे वळते. अक्षराचें वळण, समासांतील टिपा, मागाहून घुसडलेल्या ओळी ह्यांचा विचार करूनच आपण मूळ पाठ ठरवितों. जुन्या इमारतींच्या बाबतींत मात्र हा विवेक गळून पडतो आणि दर्शनी भिंत राखली म्हणजे वास्तु राखली असें समाधान मानलें जातें. हें समाधान किती अपुरें आहे तें दाखविण्याकरितां आम्ही आगीच्या बंबखान्याचें उदाहरण घेतों. कारण जिचा बहुतेक प्रत्येक भाग कामाच्या गरजेनें घडला, अशी दुसरी इमारत क्वचितच सांपडेल.

कौटिलीय अर्थशास्त्रांत नागरिकाच्या प्रकरणीं आगीचा बंदोबस्त सांगितला आहे, पण त्यांत बंबखाना नाहीं. गृहस्थानें पाण्याचे घट, शिडी, परशु, सूप, अंकुश, कातडी पखाल इत्यादि साधनें घरीं बाळगावीं, न बाळगल्यास दंड द्यावा; रस्त्यांत, चव्हाट्यांवर व वेशींपाशीं पाण्याचे घडे मांडलेले असावे, असा तो विधि आहे. कर्तव्य सर्वांचें, म्हणून त्यास निराळें घर लागलें नाहीं. पुढें पगारी दलें, वाफेचे बंब आणि ते ओढणारे घोडे आले. न्यू यॉर्क शहरांत स्वयंसेवकांच्या जागीं पगारी दल सन १८६५ मध्यें आलें. ह्या सर्वांस एका छपराखालीं आणण्यासाठीं बंबखान्याचें रूप ठरलें.

तें रूप असें वाचावें. खालीं बंब व घोडे, म्हणून रुंद दरवाजे. वर निजणारीं माणसें, म्हणून क्षणार्धांत खालीं उतरण्याची सोय. सन १८७८ मध्यें शिकागोच्या एकविसाव्या तुकडीनें, कप्तान डेव्हिड केन्यन ह्यांच्या पुढाकारानें, पहिला उतरण्याचा खांब बसविला. त्याची कल्पना घोड्यांच्या वाळल्या गवताच्या कामीं लागणाऱ्या एका लाकडी दांड्यावरून सुचली. ही तुकडी कृष्णवर्णीय जवानांची होती. आग विझवून परतल्यावर भिजलेले नळ उंच टांगून वाळवावे लागत, नाहीं तर ते कुजत. म्हणून अनेक ठिकाणीं मनोरा.

आतां न्यू यॉर्कच्या लाफायेट रस्त्यावरील एकतिसाव्या तुकडीचा बंबखाना पाहूं. नेपोलियन लेब्रन व पुत्र ह्यांच्या पेढीनें सन १८९५ मध्यें तो फ्रान्समधील लवार नदीकांठच्या सोळाव्या शतकांतील गढ्यांच्या धर्तीवर बांधला. उतरतें उंच छप्पर आणि कोपऱ्यावरील बुरूज पाहून येथें तबेला असेल असें कोणास वाटणार नाहीं. सन १९६६ मध्यें ह्या इमारतीस शहराच्या कायद्याचें संरक्षण मिळालें. परंतु अंतर्भागास संरक्षण देण्याची तरतूद त्या कायद्यांत सन १९७३ पर्यंत नव्हतीच. म्हणजे गढीचा वेष राखला गेला, बंबखाना नव्हे. सन १९७२ मध्यें तुकडी मोडली. पुढें डाउनटाउन कम्युनिटी टेलिव्हिजन ही चित्रपट-शिक्षणाची संस्था तेथें आली, आणि सन २०२२ मध्यें तेथें माहितीपटांचें चित्रगृह उघडलें.

ह्या बदलास कोणी विटंबना म्हणेल. आम्ही म्हणत नाहीं. घोड्यांनीं बंब ओढण्याची न्यू यॉर्कमधील प्रथा सन १९२२ मध्येंच संपली होती. तबेल्याचा अर्थ त्या दिवशीं गेला, आणि तो बाहेरच्या कोणीं नव्हे, दलानेंच पुसला. पहिला प्रक्षेप मूळ लेखकाच्याच हातचा असतो, हें पोथ्या चाळणारांस सांगावयास नको. शिवाय कित्येक पोथ्या उत्तरकालीन मालकांनीं वापरल्या म्हणूनच वाळवीपासून वांचल्या.

तर मग उपयोग न बदलणें हाच उत्तम मार्ग कीं काय? सिंगापूरच्या हिल रस्त्यावरील मध्यवर्ती बंबखाना ह्या प्रश्नाचें उत्तर देतो. सन १९०८ मध्यें पुरी झालेली ही तांबड्या विटांची व पांढऱ्या पट्ट्यांची इमारत सन १९९८ मध्यें राष्ट्रीय स्मारक ठरली. आजहि तेथून बंब सुटतात. तरी तिच्या मनोऱ्यावरून आग हेरण्याचें काम आज चालत नाहीं. एके काळीं तो त्या भागांत सर्वांत उंच होता. आतां त्याहून उंच इमारती भोंवतीं उभ्या आहेत. उपयोग तोच राहूनहि एक शब्द निरर्थक झाला. फरक इतकाच कीं त्या इमारतींत सन २००१ पासून दलाचें संग्रहालय आहे, आणि तें जुन्या भागांचा अर्थ पाहणारास सांगतें. पाठाबरोबर टीका जोडली गेली.

आमचा निर्णय ह्यावरून असा कीं, उपयोग बदलला हा दोष नव्हे. बदल न नोंदतां केला हा दोष. संरक्षणाचा कायदा केवळ भिंत जाणतो. खांबाचें भोंक, गव्हाणीची खूण, नळ टांगण्याचे आंकडे ह्यांचा अर्थ तो सांगूं शकत नाहीं. तें काम संशोधकाचें आहे. कागदाच्या एका चिटोऱ्यासाठीं कोस कोस चालणारे आमचे संग्राहक बंबखाने, टपालकचेऱ्या, नाकीं, धर्मशाळा ह्यांच्यासमोरून मात्र न पाहतां जातात. जेथें अशी वास्तु नव्या कामास लागणार असेल, तेथें पहिली कुदळ पडण्यापूर्वीं तिचा नकाशा काढावा, प्रत्येक भागाचें मूळ प्रयोजन लिहून ठेवावें, आणि तो कागद दप्तरांत इतर अस्सल कागदांच्या शेजारीं ठेवावा. इतकें झालें तर पुढील वाचकास मूळ व प्रक्षेप निवडतां येतील. न झाल्यास त्याच्या हातीं सुबक पुठ्ठा तेवढा राहील.