कालच्याशी जुळलं, म्हणजे बरोबर आलं का? फोरट्रान आणि युनिट टेस्टची गोष्ट



आजचा विषय फलकावर वाचून काहींना वाटलं असेल, हे कॉम्प्युटरवाल्यांचं आपसातलं बोलणं आहे, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो पावसाशी आहे.

२६ जुलै २००५ ही तारीख उपनगरात कुणाला सांगावी लागत नाही. त्या २४ तासांत सांताक्रूझच्या केंद्रावर ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याला ७३. शहर एक, दिवस एक, आणि आकड्यांत बारा-तेरा पटींचा फरक. त्यानंतर पुष्कळ काम झालं. २०१२ मध्ये मान्सून मिशन सुरू झालं, २०१८ मध्ये पुण्याच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे उष्णकटिबंधीय हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत, 'प्रत्यूष' हा महासंगणक आला, जून २०२० मध्ये मुंबईसाठी 'आयफ्लोज' ही पुराचा इशारा देणारी यंत्रणा सुरू झाली. हवामानाच्या अशा कामात जगभर जी मॉडेलं वापरतात, सीएफएस घ्या, डब्ल्यूआरएफ घ्या, त्यांचा गाभा बहुतांशी फोरट्रानमध्ये लिहिलेला आहे. १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणलेली ही भाषा. म्हातारी म्हणून तिची थट्टा होते, पण आकडेमोडीत ती आजही वेगवान आहे आणि तिची नवी आवृत्ती २०२३ ची आहे. तेव्हा आमची तक्रार फोरट्रानबद्दल नाही. तक्रार आहे ती हा कोड तपासण्याच्या एका सवयीबद्दल.

ती सवय अशी. कोडमध्ये बदल केला की पूर्ण मॉडेल चालवायचं आणि आलेलं उत्तर कालच्या उत्तराशी ताडून पाहायचं. शेवटच्या अंकापर्यंत जुळलं, तर बदल पास. ही तपासणी निरुपयोगी आहे असं आम्ही म्हणत नाही. नकळत काही बिघडलं तर ती लगेच ओरडते. पण ती नेमका कोणता प्रश्न विचारते ते बघा. 'काल होतं तसंच आहे का?' एवढंच. 'काल होतं ते बरोबर होतं का?' हा प्रश्न ती विचारतच नाही. समजा चूक दहा वर्षांपूर्वीच आत शिरली आहे. मग ही तपासणी रोज त्या चुकीला पास करते, आणि एखाद्या मुलीनं ती चूक शोधून दुरुस्त केली, तर नापास कोण होतं? ती मुलगी.

बरं, पूर्ण मॉडेलचं उत्तर बघून चूक ओळखता येईल का? हवामानात ते फार कठीण. एडवर्ड लोरेन्झ यांचा १९६१ चा अनुभव प्रसिद्ध आहे. ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा भरून त्यांनी मॉडेल पुन्हा चालवलं, आणि काही काळानं दोन्ही उत्तरं एकमेकांना ओळख देईनाशी झाली. जिथे चौथ्या अंकातला फरक एवढा वाढतो, तिथे शेवटचं उत्तर वेगळं आलं ते चुकीमुळे की हवेच्या स्वभावामुळे, हे कसं ठरवणार?

आणि चुका खरंच असतात का? असतात. १९९४ मध्ये हॅटन आणि रॉबर्ट्स यांनी भूकंपलहरींच्या विश्लेषणाची नऊ सॉफ्टवेअरं तपासली. भाषा तीच, फोरट्रान. माहिती तीच. गणिती पद्धतीही त्याच. तरी एकेका पायरीनंतर उत्तरं पांगत गेली आणि शेवटी जेमतेम एखाद-दुसरा अंक जुळत राहिला. ही विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकलं नव्हती, व्यवहारात वापरली जाणारी सॉफ्टवेअरं होती.

यावर उपाय म्हणजे युनिट टेस्ट. युनिट म्हणजे कोडचा लहानात लहान तुकडा, एक फंक्शन किंवा एक सबरुटीन. त्याला एकट्याला समोर बसवायचं आणि ज्याचं उत्तर आपल्याला बाहेरून माहीत आहे असा प्रश्न विचारायचा. 'बाहेरून' हा शब्द लक्षात ठेवा, सगळा भार त्याच्यावर आहे.

उदाहरण घेऊ. हवा ठरावीक तापमानाला जास्तीत जास्त किती बाष्प धरू शकते, हे प्रत्येक हवामान मॉडेलला लागतं. त्याचं टेटेन्सचं सूत्र आहे. तापमानाला १७.२७ ने गुणा, त्याला तापमान अधिक २३७.३ ने भागा, त्याचं घातांकी फल काढा आणि ६.१०७८ ने गुणा. उत्तर हेक्टोपास्कलमध्ये. फोरट्रानमध्ये ही एक ओळ आहे. आता टाइप करताना बोट घसरलं आणि २३७.३ चं २७३.३ झालं असं समजा. अगदी होण्यासारखी चूक, कारण २७३ हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलेला असतो. कंपाइलर काही बोलणार नाही. शून्य अंशाला टेस्ट केली तर उत्तर येतं ६.११, अगदी बरोबर! कारण शून्याला कशानंही भागलं तरी शून्यच. पण ३० अंशाला, म्हणजे आपल्या पावसाळी दुपारच्या आसपास, यायला हवं ४२.४ आणि येतं ३३.७. म्हणजे कोडमधली हवा खऱ्या हवेपेक्षा पाचव्या हिश्शानं कमी बाष्प धरते. मॉडेल कोसळत नाही, पाऊसही पाडतं. तो कमी वाटला की कुणीतरी दुसरीकडचा एखादा गुणांक वाढवून ठेवतं. आता एका चुकीवर दुसरी चूक बेतली. यानंतर पहिली चूक सुधारली तर अंदाज आणखी बिघडतो, आणि सगळे म्हणतात, 'जुनंच बरं होतं.'

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, टेस्ट असणं पुरेसं नाही, ती कुठे लावली हे महत्त्वाचं. शून्याला लावलेली टेस्ट म्हणजे ज्या विद्यार्थ्याला उत्तर पाठ आहे त्याला तोच प्रश्न विचारणं. दुसरी गोष्ट, किती फरक चालेल. दशांश आकड्यांत 'तंतोतंत समान' असं विचारू नये हे खरं, थोडी सूट द्यावीच लागते. पण सूट कारणानं ठरवावी. टेस्ट सारखी नापास होते म्हणून वैतागून कुणी सूट १० हेक्टोपास्कल केली, तर वरची चूकसुद्धा पास होईल, कारण फरक ८.७ चाच आहे.

आता फोरट्रानच्या स्वतःच्या खोडी. जुन्या नियमाप्रमाणे, 'इम्प्लिसिट नन' लिहिलं नसेल तर ज्या व्हेरिएबलचं नाव आय ते एन यांपैकी एका अक्षरानं सुरू होतं ते पूर्णांक, बाकीची दशांश. म्हणजे इंग्रजी स्पेलिंगनं अंधेरी, बोरिवली, घाटकोपर दशांश, आणि मुलुंड, मालाड, कुर्ला, कांदिवली, जोगेश्वरी पूर्णांक! बोरिवलीत १२.७ मिलिमीटर पडला तर १२.७ नोंदला जाईल, मुलुंडमध्ये तेवढाच पडला तर १२. मुलुंडकरांनी हसू नये, पॉइंट सात मिलिमीटर तुमचेच गेले आहेत.

दुसरी खोड जास्त लबाड आहे. सबरुटीनमध्ये व्हेरिएबल जाहीर करतानाच त्याच ओळीत 'एकूण बरोबर शून्य' असं लिहिलं, की वाटतं दर वेळी शून्यापासून मोजणी सुरू होईल. तसं होत नाही. ते शून्य एकदाच, अगदी सुरुवातीला दिलं जातं. पुढे त्या व्हेरिएबलला मागचं सगळं आठवत राहतं. तासागणिक पावसाची बेरीज करणारं असं सबरुटीन आधी सांताक्रूझसाठी बोलावलं, उत्तर ९४४. बरोबर. लगेच कुलाब्यासाठी बोलावलं, तर ७३ नाही, १०१७! तेव्हा टेस्ट लिहिताना एकच सबरुटीन लागोपाठ दोनदा बोलवा. ही सवय पुस्तकातल्या मोठ्या तत्त्वांपेक्षा जास्त चुका पकडून देईल.

आता साधनांकडे येऊ. टीका करायची तर नावं घेऊन करावी.

पहिलं पीएफयुनिट, नासाच्या गोडार्ड केंद्रात वाढलेलं. याची मोठी ताकद अशी, की अनेक प्रोसेसरांवर एकत्र चालणारा कोडही त्यात तपासता येतो, आणि हवामानाचा कोड तसाच असतो. टेस्टवर खूण केली की ती आपोआप यादीत येते. पण हे साधन उभं करणं हेच एक काम आहे. बऱ्यापैकी नवा कंपाइलर हवा, पायथन हवं, सीमेक हवं, आणि कंपाइलर बदलला की साधन पुन्हा बांधा. पवईच्या किंवा पुण्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेच्या जुन्या क्लस्टरवर पहिली टेस्ट लिहायची असेल, तर त्याचा पहिला आठवडा टेस्ट न लिहिताच जातो.

दुसरं फ्रूट. ते स्वतःच फोरट्रानमध्ये लिहिलेलं, त्यामुळे हाताशी घ्यायला सोपं. टेस्टची यादी आपोआप करायची असेल तर मात्र रुबी लागतं. ज्याला फोरट्रान तपासायचं आहे त्याला आणखी एक भाषा सांभाळायला लावणं हे आम्हाला पटत नाही.

तिसरं टेस्ट-ड्राइव्ह, अलीकडच्या फोरट्रान मंडळींचं, एफपीएम या साधनाबरोबर सहज चालणारं. 'एफपीएम टेस्ट' म्हटलं की सगळ्या टेस्ट धावतात. नवशिक्यासाठी आमची शिफारस हीच. पण दोष सांगितलाच पाहिजे. इथे टेस्टची यादी हातानं करावी लागते. लिहिलेली टेस्ट यादीत घालायची राहिली तर ती चालतच नाही, आणि निकाल येतो, सगळं ठीक.

हा 'मौनं संमतिलक्षणम्' प्रकार या साधनांपुरता नाही, तो भाषेतही आहे. जुन्या सबरुटीनमध्ये गडबड दिसली की नुसतं 'स्टॉप' लिहिलेलं असतं. तिथे पोचलं की सबरुटीनच काय, टेस्टचा सगळा प्रोग्रॅमच थांबतो. पुढच्या टेस्ट राहिल्या बाजूला. आणि साध्या 'स्टॉप'चा बाहेर जाणारा संकेत असतो शून्य, म्हणजे 'सुखरूप संपलं'. टेस्ट चालवणारा सीटेस्ट तो संकेत वाचून पास म्हणतो. म्हणून तिथे 'एरर स्टॉप' लिहा, आणि किती टेस्ट पास झाल्या याबरोबर किती टेस्ट धावल्या हेही रोज मोजा.

एक चिठ्ठी आली आहे. 'जे मॉडेल वर्षानुवर्षं चाललं आहे, त्याला आता टेस्ट लिहीत बसायला वेळ कुणाकडे आहे?' रास्त प्रश्न आहे. लाखो ओळींच्या कोडला कुणीही एकदम टेस्ट लिहू शकणार नाही, आणि लिहूही नये. जुन्या कोडमध्ये माहिती 'कॉमन ब्लॉक'मध्ये ठेवलेली असते, म्हणजे सगळ्या बिऱ्हाडांत एकच स्वयंपाकघर. एका सबरुटीनला एकटं बाहेर काढताच येत नाही. तिथे आमचा सल्ला असा. ज्या तुकड्याला आज हात लावायचाच आहे, तेवढाच सुटा करा, मॉड्यूलमध्ये घाला, लागणारी माहिती त्याला आर्ग्युमेंटमधून द्या, दोन टेस्ट लिहा, मग बदल करा. आणि टेस्ट चालवताना जीफोरट्रानला 'एफचेक बरोबर ऑल' सांगा, म्हणजे ॲरेची हद्द ओलांडली तर तो तिथेच पकडेल. टेस्ट लहान असतात, त्यामुळे कोड जरा सावकाश चालला तरी बिघडत नाही. कालच्या उत्तराशी ताडून पाहणंही सोडू नका. फक्त त्यालाच परीक्षा म्हणू नका.

दुसरी चिठ्ठी. 'युनिट टेस्ट असत्या तर २००५ चा पाऊस आधी कळला असता का?' नाही. तसं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. तो अंदाज कोडमधल्या चुकीमुळे हुकला असं आम्ही म्हणत नाही. इतक्या लहान जागेतला इतका मोठा पाऊस पकडणं हा मुळात विज्ञानाचा अवघड प्रश्न आहे, आणि सगळ्या टेस्ट पास झालेलं मॉडेलसुद्धा चुकू शकतं.

मग टेस्ट कशासाठी? तर अंदाज हुकल्यावर त्यातून शिकता यावं यासाठी. अंदाज चुकला की दोन शक्यता असतात. एक, ढगांबद्दलची आपली समज कमी पडली. दोन, समज बरोबर होती, पण कोडमध्ये उतरताना २३७ चं २७३ झालं. पहिल्या चुकीतून विज्ञान पुढे जातं. दुसरीतून काहीच मिळत नाही, उलट ती पहिलीचा वेश घेऊन फिरते आणि माणसं वर्षानुवर्षं ढगांना दोष देत बसतात. तुकडे तपासलेले असतील तर निदान एवढं ठामपणे म्हणता येतं, की हिशेब बरोबर होता, आता समज तपासू. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या आणि मिठीकाठच्या माणसानं ज्याच्या भरवशावर सामान माळ्यावर चढवायचं, अशा कोडकडून ही अपेक्षा जास्त नाही.

इथे जे विद्यार्थी आहेत, त्यांना एकच काम देतो. आपल्या कोडमधलं एक सूत्र निवडा. त्याचं उत्तर कोडमधून घेऊ नका, कागदावर काढा किंवा छापील कोष्टकातून घ्या. टेस्ट शून्याला नको, ३० अंशाला लावा. मग मुद्दाम एक आकडा बिघडवा आणि टेस्ट ओरडते का ते बघा. जी टेस्ट कधीच नापास झालेली नाही, ती जागी आहे की झोपली आहे हे तोवर कळत नाही.