टांगलेल्या आरशाची गोष्ट कोण सांगणार?

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या भिंतीला लागूनच पॉवरलूमचा कारखाना होता. माग चालू झाले की पेल्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठायची. त्यामुळे असेल, पण जॅना लेव्हिन यांचं ‘ब्लॅक होल ब्लूज’ (२०१६) वाचताना कृष्णविवरांपेक्षा मला एकच प्रश्न छळत होता. जमीन कधीच शांत नसते, मग या लोकांनी आरसा स्थिर ठेवला कसा?

पुस्तक आहे लायगोवर, म्हणजे २०१५मध्ये गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपणाऱ्या प्रयोगावर. लेव्हिन स्वतः भौतिकशास्त्रज्ञ आहेत आणि माणसं फार छान उभी करतात. वाइस, थॉर्न, ड्रेव्हर यांचं त्रिकूट, त्यांच्याआधीचा एकाकी वेबर. ड्रेव्हरला प्रकल्पातून बाजूला केलं जातं, तो भाग वाचून मी फोन बाजूला ठेवून दिला होता.

माझी तक्रार इथूनच सुरू होते. भांडणांना जेवढी जागा मिळते, तेवढी टांगलेल्या आरशाला मिळत नाही. आणि खरं नाट्य तिथे आहे.

एका दोऱ्याला कुलूप बांधा. वरचं टोक भराभर हलवा, कुलूप जवळपास जागचं हलत नाही. लायगोत ४० किलोचा आरसा असाच टांगलाय, एकाखाली एक अशा चार लोलकांच्या तळाशी. प्रत्येक टप्प्यावर थरथर आणखी गाळली जाते. पण आता दोरा कुलपाच्या स्वतःच्या लयीत हलवून बघा. कुलूप झोपाळ्यासारखं झोके घेऊ लागेल. ही लय शमवावी लागते. ती मोजणाऱ्या सेन्सरला स्वतःचा गोंगाट असतो. फीडबॅकचा गेन वाढवत नेला तर शांत करणारी यंत्रणाच आरसा हलवू लागते. म्हणून हे डोलणं वरच्या वजनावर शमवतात, म्हणजे सेन्सरचा गोंगाट खालच्या टप्प्यांत गाळला जातो. कोड लिहिणाऱ्या माणसाला हे वाचून घाम फुटतो. जास्त काळजी घेणं हाच इथे बग आहे!

त्यात आरसा सरळही हवा. तो अंशाच्या शंभराव्या भागाइतका कलला, तर परतलेला किरण चार किलोमीटरवर सव्वा मीटरहून जास्त सरकतो. मोजायचा बदल मात्र प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून लहान.

शेवटचा टप्पा काचेच्या चार तंतूंवर लोंबतो, जाडी अर्धा मिलिमीटरही नाही. इटलीतल्या व्हर्गोत असे तंतू पुन्हापुन्हा तुटले. शोध घेतला तर गुन्हेगार निघाले धुळीचे कण. शेवटी पोलादी तारांवर आरसे टांगून व्हर्गो ऑगस्ट २०१७मध्ये मैदानात उतरलं आणि त्याच महिन्यात न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर आकाशात नेमकी कुठे झाली ते शोधायला कामी आलं. हे पुस्तकानंतरचं, त्याचा दोष लेव्हिन यांना नाही. पण काचेवर आरसे टांगण्याचं तंत्र पिकवलं ग्लासगोच्या गटाने, जो ड्रेव्हरनेच उभा केला होता. पुस्तकातला ड्रेव्हर हरलेला माणूस आहे. आरशाकडून गोष्ट सांगितली असती, तर तो इतका हरलेला दिसला नसता.

हे आपल्याला का लागू आहे? लायगो-इंडिया हिंगोलीत, औंढा नागनाथजवळ उभं राहतंय. २०२३मध्ये केंद्राने २,६०० कोटी मंजूर केले. आपल्याकडची चर्चा मात्र कोटी आणि आईनस्टाईन यांच्यातच फिरते. ज्या मराठवाड्याच्या जमिनीने १९९३मध्ये किल्लारी पाहिलं, तिथे आरसा टांगायचाय. दूरचा भूकंपही आरशांचा ताळमेळ मोडू शकतो. मग कुणीतरी रात्रपाळीत बसून तो पुन्हा जुळवायचा.

ती माणसं कदाचित सोलापूर-नांदेडच्या कॉलेजांतून आलेली असतील. गोष्ट फक्त प्रतिभावंतांची सांगायची सवय आपण सोडली नाही, तर ती कुणाला दिसणारही नाहीत. ‘ब्लॅक होल ब्लूज’ जरूर वाचा. आणि वाचताना मध्येच विचारत राहा, आरसा कुणी टांगला?