‘सांगत्ये ऐका’ : कथन, शब्दांकन आणि चाहत्याचा विश्वास

१

आत्मचरित्राचा वाचक एका गृहीतावर विसंबून पुस्तक उघडतो. मुखपृष्ठावर ज्याचे नाव आहे, पुस्तकातील ‘मी’ ज्याचा निर्देश करतो आणि ज्याचे जीवन सांगितले जात आहे, त्या तिन्ही व्यक्ती एकच आहेत, हे ते गृहीत होय. फिलिप लेज्यून या फ्रेंच समीक्षकाने १९७५ साली या गृहीताला आत्मचरित्रात्मक कराराचे रूप दिले आणि १९८० मध्ये, जे स्वतः लिहीत नाहीत त्यांच्या आत्मचरित्राचा विचार करताना, या कराराची अंतर्गत फट त्यानेच दाखवून दिली. लिहिणारा हात वेगळा असेल तर ‘मी’ या सर्वनामात दोन माणसे वावरू लागतात. वाचकाला त्यांपैकी एकच हवा असतो.

मराठी ग्रंथव्यवहाराने या दुसऱ्या माणसासाठी ‘शब्दांकन’ ही संज्ञा रूढ केली आहे. दिवाळी अंकातील मुलाखतवजा लेखांच्या अखेरीस ती लहान टाइपात येते आणि तिची फारशी दखल घेतली जात नाही. जीवन एकाचे आणि शब्द केवळ ‘अंकित’ करणारा दुसरा, अशी निरुपद्रवी कल्पना तिच्यामागे आहे. प्रत्यक्षात शब्दांकन ही निवड असते, मांडणी असते, क्वचित गाळणीही असते. कलावंतांच्या आत्मचरित्रांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तेथे वाचक तटस्थ नसतो. तो आधीच चाहता असतो. त्याच्या प्रतिक्रियेत पुस्तकाविषयीचे मत आणि व्यक्तीविषयीची ओढ यांची सरमिसळ झालेली असते. ही सरमिसळ अभ्यासकाने दोष म्हणून बाजूला सारावी की तिच्यातूनच वाङ्मयप्रकाराविषयी काही शिकावे, हा येथील प्रश्न आहे. त्यासाठी हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे पुस्तक विशेष उद्बोधक ठरते.

२

‘माणूस’मधून आधी वाचकांसमोर आलेले हे आत्मकथन १९७० साली राजहंस प्रकाशनाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. हंसाबाईंनी ते सांगितले आणि अरुण साधू यांनी ते शब्दबद्ध केले. साधू त्या वेळी तरुण पत्रकार होते. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांचे कर्ते म्हणून त्यांची ओळख व्हायची होती. पुस्तक निघाल्यानंतर वर्षभरातच, १९७१ मध्ये, हंसाबाईंचे निधन झाले. त्यामुळे पुढील सर्व चर्चा सांगणारीच्या गैरहजेरीत झाली. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी याच पुस्तकाच्या आधारे ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट केला आणि सांगणारीची जागा स्मिता पाटील यांच्या चेहऱ्याने घेतली.

नाव आणि शीर्षक या दोन गोष्टींकडे येथे बारकाईने पाहिले पाहिजे. लेज्यूनचा करार विशेषनामावर उभा आहे. परंतु ‘हंसा वाडकर’ हे विशेषनाम मुळात पडद्यासाठी स्वीकारलेले आहे. जन्मनाव रतन साळगावकर. म्हणजे मुखपृष्ठावर ज्या नावाने सही केली आहे ते नावच एक भूमिका आहे. ‘भूमिका’च्या पटकथेने हे नेमके हेरले आणि नायिकेला उषा व उर्वशी अशी दोन नावे दिली. शब्दांकनामुळे ‘मी’ दुभंगला अशी तक्रार करणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की हा ‘मी’ लेखनिक येण्यापूर्वीच, चित्रपटव्यवसायाने, दुभंगून ठेवला होता.

शीर्षक अनंत माने यांच्या १९५९ च्या चित्रपटाचे आहे. पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चाललेल्या या चित्रपटाचे नाव वाचकाच्या ओठांवर होते आणि प्रकाशकीय दृष्टीने ते सोयीचे होते, हे खरे. पण सोयीपलीकडेही त्यात काही घडले आहे. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्राशी तुलना केली असता ते स्पष्ट होते. तेथे सर्वनाम आहे, विशेषनाम आहे, क्रियापद नाही; स्वतःच्या लेखणीवर हुकमत असलेल्या, उच्चशिक्षित स्त्रीने केलेली ती स्वाक्षरीच आहे. येथे उलट केवळ क्रियापदे आहेत. ‘सांगते’ असे प्रमाणलेखन न करता ‘सांगत्ये’ असे बोलीतील रूप ठेवलेले आहे; ते स्त्रीचे आहे, वर्तमानकाळी आहे आणि उच्चारलेले आहे. त्यापुढे ‘ऐका’ ही आज्ञा आहे, ‘वाचा’ नव्हे. या आज्ञेचा पहिला श्रोता अर्थातच समोर वही घेऊन बसलेला पत्रकार होय. हे लेखन नसून कथन आहे, याची कबुली शीर्षकातच उघडपणे दिलेली आहे. वाचकाची फसवणूक झाली असे म्हणण्यास म्हणूनच फारसा आधार उरत नाही.

३

तरीही चाहत्याच्या मनात शंका येते, आणि ती समजून घेण्याजोगी आहे. अशा पुस्तकाला मिळणाऱ्या प्रतिसादाचे तीन पवित्रे संभवतात. पहिला संपूर्ण विश्वासाचा : बाईंचा आवाजच कानी पडला, मध्ये कोणी नाहीच. दुसरा निवडक अविश्वासाचा : लौकिकाला शोभणारे ते बाईंचे, न शोभणारे ते पत्रकाराचे. मद्यपान, विवाहबाह्य संबंध, फसवणूक यांचे जे निःसंकोच कथन येथे आहे, ते प्रिय नटीच्या तोंडी मानवत नाही. मग त्याचे उत्तरदायित्व लेखनिकाकडे सरकविले जाते. तिसरा पवित्रा वाङ्मयीन अविश्वासाचा : अनुभव बाईंचा, पण घडीव वाक्य साधूंचे. साधू पुढे मोठे कादंबरीकार झाल्यामुळे हा तिसरा पवित्रा मागाहून बळकट होत गेला असणे स्वाभाविक आहे. उत्तरकालीन कीर्तीचा प्रकाश पूर्वकालीन पानावर पडतो आणि तेथे नसलेली सावलीही दिसू लागते.

दुसरा व तिसरा पवित्रा वरवर भिन्न दिसले तरी त्यांचा परिणाम एकच आहे. एकात बाईंकडून धीटपणा काढून घेतला जातो, दुसऱ्यात शैली. उरते ते फक्त सोसणे. सोसणारी स्त्री वाचकाला पटते. सोसण्याचा अर्थ लावणारी आणि तो चारचौघांत सांगणारी स्त्री मात्र कुणीतरी घडविलेली असावी असे वाटते.

येथे एक विसंगती ध्यानी घेण्यासारखी आहे. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) मधील बया ग. दि. माडगूळकरांच्या शब्दांत बोलते, हे प्रेक्षकाला ठाऊक होते आणि त्यामुळे त्याच्या आनंदात उणेपणा आला नाही. परक्याचे शब्द आपले करून दाखविणे हीच अभिनयाची कला. मग त्याच चाहत्याला आत्मचरित्रातील परक्या शब्दांचे वावडे का असावे? कारण आत्मचरित्राने त्याला पडद्यामागे नेण्याचे वचन दिलेले असते. पडदा दूर सारून तो आत शिरतो आणि तेथे आणखी एक पडदा, शब्दांकनकाराचा, त्याला आढळतो. त्याचा रोष असत्याविषयी नसतोच. आपल्याला दिलेली जवळीक मध्यस्थाकरवी आली, याविषयी असतो.

बिली हॉलिडे या कृष्णवर्णीय गायिकेचे ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ (१९५६) हे पुस्तक याच पेचाचे दुसरे उदाहरण आहे. विल्यम डफ्टी या पत्रकाराने ते तिच्या कथनावरून लिहिले. त्यातील आईवडिलांच्या विवाहासारखे तपशील वस्तुस्थितीशी जुळत नाहीत, हे पुढील चरित्रकारांनी दाखवून दिले. १९७२ मध्ये त्यावरही चित्रपट निघाला. हॉलिडेची बहुतेक गाणी इतरांनी रचलेली होती आणि ती तिचीच म्हणून ओळखली गेली. तिच्या आत्मकथनाकडेही याच न्यायाने पाहता येते : शब्दांची रचना अन्यत्र झाली असेल, पण त्यांचा ताल व त्यांतील जखम गाणारीची आहे. मात्र हा न्याय सरसकट लावता येणार नाही. गाण्यात अनुभव आणि शब्द दोन्ही परके असू शकतात; आत्मकथनात अनुभव परका असून चालत नाही. म्हणूनच चुकीच्या तपशिलाची चिकित्सा व्हावयास हवी. मात्र ती चिकित्सा स्मृतीची आहे, कर्तृत्वाची नाही, एवढे भान राखावे लागते.

४

या पुस्तकाचा मराठवाड्याशी असलेला संबंध नांदेड व लातूर येथील वाचकाला आणखी वेगळ्या जागी उभे करतो. एका गृहस्थाबरोबर हंसाबाई मराठवाड्यातील एका गावी गेल्या आणि त्याच्या घरातील तिसरी स्त्री म्हणून सुमारे तीन वर्षे जवळजवळ बंदिवासात राहिल्या, हा या कथनाचा एक मध्यवर्ती भाग आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकाच्या लेखी हा प्रदेश येथे प्रसिद्ध नटीही जेथे नाहीशी होऊ शकते अशा ठिकाणाचे प्रतीक बनतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला, १९५६ मध्ये मुंबई राज्याला जोडला गेलेला हा भूभाग १९७० च्या महानगरी वाचकाला अद्याप दूरचाच होता. ‘भूमिका’मध्ये तर हा भाग विनायक काळे या जमीनदाराच्या वाड्यात घडतो, प्रदेशाची खूण मागे पडते आणि वाडा हाच स्त्रीच्या कोंडमाऱ्याचे सर्वसाधारण रूप होतो.

स्थानिक वाचकाला मात्र हे प्रतीक जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. तेथे तमाशाचे फड उतरतात आणि गावोगावचा शौकीन त्यांच्यासाठी वाट वाकडी करून येतो. बयेची भूमिका करणारीचा चाहता या प्रदेशातही होता. म्हणजे एकाच भूमीत एकीकडे कलावंत स्त्रीला फडावर दाद देणारा समाज आहे आणि दुसरीकडे तिला घरात आणून तिचे दार बंद करणारे वाडे आहेत. या दोहोंत विरोध आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल. फडावरील दाद आणि वाड्यातील बंदी ही एकाच मालकीभावाची दोन टोके असू शकतात, हा बोध महानगरी वाचकापेक्षा या भागातील वाचकाला अधिक जवळून होतो. आपला प्रदेश बदनाम झाला अशी प्रतिक्रिया देऊन तो थांबला, तर हा बोध त्याच्या हातून निसटतो. पुस्तकातील मराठवाडा सांगणारीच्या स्मृतीतला किती आणि मुंबईच्या पत्रकाराच्या कल्पनेतला किती, हा प्रश्न तेथील अभ्यासकाने जरूर विचारावा. त्या भागातील बोलणे, नातेवाचक शब्द, घराची रचना, दिनक्रम यांची छाननी हे त्याचे साधन ठरू शकेल. अशी छाननी बाहेरून करता येण्याजोगी नाही.

५

‘हे लिहिले कोणी?’ हा प्रश्न कोणाला विचारला जातो, हेही पाहिले पाहिजे. लातूर तालुक्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला लाभला. दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांच्या चर्चेत अनुभवाच्या अस्सलपणाचा जेवढा गौरव होतो, तेवढा भाषेच्या घडणीचा होत नाही. लेखक येथे साक्षीदार मानला जातो, कारागीर नव्हे. कलावंतिणींच्या परंपरेतून आलेल्या हंसाबाईंच्या वाट्यालाही हेच येते. प्रतिष्ठितांच्या आत्मचरित्रांवरून सचिव, संपादक, आप्तेष्ट यांचे हात फिरलेले असतात, तेथे मात्र हा प्रश्न सहसा निघत नाही. कर्तृत्वाविषयीची शंका समाजात समप्रमाणात वाटली जात नाही.

अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय मराठीत करून देणारे डॉ. जनार्दन वाघमारे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. त्यामुळे या परिसरातील विद्यार्थ्याला हा संदर्भ उपरा वाटण्याचे कारण नाही. त्या साहित्यात मुक्त झालेल्या गुलामांची कथने इतरांनी लिहून घेतल्याची मोठी परंपरा आहे आणि ‘दि ऑटोबायोग्राफी ऑफ माल्कम एक्स’ (१९६५) हा तिचा आधुनिक टप्पा. तेथे अॅलेक्स हेली याने अखेरीस उपसंहार जोडून कथन कसे घडत गेले याचा वृत्तान्त दिला. लेखनिक उघड झाल्याने सांगणाऱ्याचे कर्तृत्व उणावले नाही.

मराठीलाही हा मार्ग नवा नाही. मराठी गद्याचा आरंभच मुळी लिहून घेतलेल्या बोलण्यातून झाला. म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी त्यांच्या अनुयायांकडून मिळवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यात एकाच प्रसंगाचे निरनिराळ्या सांगणाऱ्यांचे पाठ त्यांच्या नावानिशी येतात. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीत सच्चिदानंदबाबा या लेखनिकाचा आदराने निर्देश आहे. सांगणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा, हे या परंपरेने लपविले नाही आणि त्यापायी सांगणाऱ्याचे मोठेपण कमीही मानले नाही. कर्ता म्हणजे एकट्याने कागदावर अक्षरे काढणारा, ही कल्पना छापखान्याबरोबर आलेली आहे.

६

मग शब्दांकित आत्मकथनाचा कर्ता कोण? वाक्य कोणी रचले, या निकषावर उत्तर मिळत नाही, कारण बोललेले आणि लिहिलेले यांचा सांधा संहितेतून पुरता उकलता येत नाही. दुसरा निकष मात्र उपलब्ध आहे : सांगितल्याचे परिणाम कोणी भोगले? ‘सांगत्ये ऐका’मुळे अरुण साधूंच्या घरादाराविषयी कोणी कुजबुज केली नाही. पुस्तकातील प्रत्येक कबुली जिच्या नावावर जमा झाली, ती स्त्री एकच होती. आत्मचरित्रात ‘मी’ म्हणण्याची किंमत जो मोजतो तो त्याचा कर्ता, असे मानले तर लेखनिकाचे श्रेय नाकारावे लागत नाही आणि सांगणारीचे स्थानही ढळत नाही. शब्दांकनकाराचे नाव मुखपृष्ठावर ठळकपणे यावे. तो न्याय आहे. पण त्या नावाच्या आडोशाने सांगणारीला तिच्याच धीटपणातून बेदखल करणे, हा न्याय नव्हे.

चाहत्याच्या प्रतिक्रियेकडे अभ्यासकाने तुच्छतेने पाहू नये ते याचसाठी. मध्यस्थ दिसताच तो दुखावतो, कारण सांगणारीच्या ‘ऐका’ या शब्दावर त्याने अक्षरशः विश्वास ठेवलेला असतो. विद्यापीठीय प्रबंधांतून ‘कलावंतांची आत्मचरित्रे’ असा कप्पा करून हे पुस्तक स्त्री-लेखनाच्या मुख्य विचारापासून वेगळे ठेवण्यात येते, तेव्हा मात्र ऐकणेच थांबते. त्यापेक्षा चाहत्याचा भाबडेपणा त्या आज्ञेला अधिक प्रामाणिक आहे.